बारा व्होल्टची अनुसया

बारा व्होल्टला चंद्रकुमार बोपचे करंटच मानत नसत. त्यांचं उभं आयुष्य वीज खात्यात गेलं होतं. अकरा हजारांच्या लायनी त्यांनी जंगलातून ओढून नेल्या होत्या, वादळात लोळण घेतलेले खांब भर पावसात उभे केले होते, आणि एकदा तर ट्रान्सफॉर्मरवर चढलेल्या अस्वलाला तोंड दिलं होतं. म्हणजे तसं ते पोहोचले तोवर अस्वल उतरून गेलं होतं, पण ते चढलं होतं याबद्दल गावात दुमत नव्हतं. अशा माणसाने निवृत्तीनंतर मांडीवर बारा व्होल्टची बॅटरी घेऊन बसायचं म्हणजे वाघाच्या शिकाऱ्याने झुरळाच्या मागे चप्पल घेऊन धावण्यासारखंच होतं. "तो करंट नाही, ती गुदगुली आहे," असं ते म्हणत.

या गुदगुलीने त्यांना अख्खा हिवाळा रडवलं.

सुरुवात झाली भूपेंद्रपासून. भूपेंद्र म्हणजे त्यांच्या पत्नीचा, सुमित्राबाईंचा, धाकटा भाऊ. अर्जुनी मोरगावच्या पलीकडे भिवटोल्याला राहतो, धानाची शेती करतो आणि शेतीतून वेळ मिळाला की डोकं चालवतो. त्याचं डोकं चालायला लागलं की सगळे नातेवाईक आपापले पैसे लपवतात. मागे त्याने इमू पाळले होते. ते पक्षी एका सकाळी कुंपण ओलांडून जंगलात गेले ते गेलेच. अजूनही एखादा मोहफुलं वेचणारा माणूस धापा टाकत गावात येतो आणि 'उंटाएवढी कोंबडी' पाहिल्याचं सांगतो.

या खेपेला त्याने बोट आणली. समुद्राकडच्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली, पांढरी, पोटाशी जरा फुगलेली, आत छोटी केबिन असलेली बोट. केबिनमध्ये दोन माणसं झोपू शकत होती, फक्त त्यांचं आपसात भांडण झालेलं नसावं. एक छोटं बेसिन होतं, पंखा होता, डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, वर हॉर्न, आणि तळात झिरपणारं पाणी उपसून बाहेर फेकायला एक पंप. हिवाळ्यात भिवटोल्याच्या तलावावर दूरदेशीची पाखरं उतरतात आणि ती पाहायला नागपूरकडचे लोक येतात. त्यांना बोटीतून फिरवायचं, बोटीतच तांदळाची भाकर आणि झिंग्यांची चटणी वाढायची, असा बेत होता.

"बोट नाही भाऊजी, तरंगतं घर आहे!" भूपेंद्र फोनवर म्हणाला. "फक्त वायरिंगचं थोडंसं पाहा लागते. तुमच्यासाठी तर चहा पिता पिता व्हायचं काम."

बोटीला त्याने आपल्या आईचं नाव दिलं. अनुसया. हे नाव मोठ्या निळ्या अक्षरांत बोटीच्या दोन्ही बाजूंना रंगवलं, आणि पुढे जो अनर्थ झाला त्याचा पाया तिथेच घातला गेला. कारण अनुसयाबाई, म्हणजे चंद्रकुमारांच्या सासूबाई, ऐंशीच्या घरात असल्या तरी ठणठणीत होत्या.

चंद्रकुमार पिशवीत पक्कड, टेस्टर आणि मीटर घेऊन गोंदियाजवळच्या कुडव्याहून, आपल्या घरून, निघाले. निघताना शेजारचा रोशन भेटला. रोशनचं मोबाइलचं दुकान होतं आणि ज्या गोष्टी मोबाइलमध्ये नसतात त्यांबद्दलही त्याला पक्की मतं होती. "साहब, बोट का वायरिंग अलग होता है," तो म्हणाला. "फ्यूज बदलून टाका. सौ में से नब्बे केस फ्यूज."

"रोशन," चंद्रकुमार शांतपणे म्हणाले, "तू जन्मला नव्हता तेव्हापासून मी फ्यूज बदलून राहिलो."

भिवटोल्याला पोहोचल्यावर त्यांनी बोटीवर पाय ठेवला, बटणांच्या फळीकडे एकदा पाहिलं आणि केबिनचा दिवा लावला. दिवा लागला. "पाहा," ते म्हणाले. मग त्यांनी पंखा लावला. पंखा अर्धा फेरा फिरला आणि दिवा गेला. पंखा बंद केला तर दिवा पुन्हा आला. लाल दिवा लावला तर हिरवाही काजव्यासारखा मिणमिणला. हॉर्नचं बटण दाबलं तर हॉर्न वाजला नाही, पंख्याने मात्र दोन गिरक्या घेतल्या. आणि पंप लावला तेव्हा सगळं एकदम गुल झालं आणि तळातून कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला.

काठावर जमलेले लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते गंभीर होऊन पाहू लागले. डॉक्टरच्या तोंडाकडे रोग्याचे नातेवाईक पाहतात तसे.

"बॅटरी गेली," चंद्रकुमारांनी निदान केलं. भूपेंद्रने नवी बॅटरी आणली. तिनेही तेच केलं. फक्त नवी असल्यामुळे जरा उत्साहाने केलं.

त्यानंतर दर आठवड्याला ते भिवटोल्याला जाऊ लागले. बटणं बदलली, दिवे बदलले, लाल वायर तर बॅटरीपासून दिव्यापर्यंत पूर्ण नवी टाकली. मीटर जिथे टेकवावं तिथे बारा व्होल्ट दाखवी. बटणावर बारा, दिव्याच्या टोकावर बारा, पंपाच्या टोकावर बारा. आणि पंप सुरू करायला जावं तर बोटीच्या अंगातलं बळ निघून जाई. मीटर खोटं बोलतो असा संशय येऊन त्यांनी दुसरा मीटर आणला. दोन्ही मीटर एकमेकांचे साक्षीदार झाले. रात्री जेवताना ते घास हातात धरून कुठेतरी बघत बसू लागले. सुमित्राबाई त्या घासाकडे बघत.

"काऊन जी," एकदा त्या म्हणाल्या, "वरण थंड होऊन राहिलं. त्यात किती व्होल्ट आहेत तेही पाहून घ्या पाहिजे तर."

हे कमी होतं म्हणून की काय, फोनचं प्रकरण झालं.

एका सकाळी चंद्रकुमार अंगणात उभे राहून भूपेंद्रशी बोलत होते. तलावाच्या मधोमध जाऊन आल्यावर बोटीत घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं आणि पंपाने पुन्हा हात टेकले होते. चंद्रकुमारांना मोठ्याने बोलायची सवय, कारण खांबाखालून खांबावरच्या माणसाशी बोलण्यात त्यांची हयात गेली होती. "काय म्हणतोस! अनुसयेचा पंप बंद पडला? पाणी भरलं? अरे मग काल का नाही सांगितलं? ... नाही, आता काही उपयोग नाही, उघडावीच लागेल. मी येतो आणि उघडतो. जुनी झाली रे ती, कुठवर ओढणार आपण!"

कुंपणाच्या पलीकडे रोशन दात घासत होता. त्याचा ब्रश तोंडातच थांबला.

दुपारपर्यंत कुडव्यातली ही गल्ली आणि शेजारच्या दोन गल्ल्या सुमित्राबाईंच्या दारात होत्या. कोणी केळी आणली, कोणी नुसतेच पडलेले चेहरे आणले. एका बाईंनी आत येताच सुमित्राबाईंना कवटाळलं. "हृदयाचंच होतं का हो?" "आता काय, वय झालं होतं." "पाणी भरलं म्हणजे मग कठीणच." आणि एक निवृत्त मास्तर चंद्रकुमारांना बाजूला घेऊन अतिशय हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वतःच उघडणार असं रोशन म्हणतो. नका हो असं करू. नागपूरला मोठे डॉक्टर आहेत."

सुमित्राबाईंना प्रकार समजायला वेळ लागला नाही. त्यांनी सगळ्यांसमोर आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आई, तू बरी आहेस ना?"

"मले काय धाड भरली?" पलीकडून अनुसयाबाईंचा खणखणीत आवाज आला. "धान वाळवून राहिली. काऊन फोन केला भर उन्हात?"

लोक केळी घेऊन परत गेले. एकाने तर सुमित्राबाईंनी दिलेला चहाही पुरा प्याला नाही, इतकी त्याची निराशा झाली होती. पण बातमी भिवटोल्याला पोहोचायची ती पोहोचलीच. पुढच्या वेळी चंद्रकुमार सासुरवाडीला गेले तेव्हा अनुसयाबाईंनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि समोर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत विचारलं, "जवाईबापू, तुम्ही मले उघडून पाहणार होते म्हणते?"

जावयाला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण वायरिंगप्रमाणे जमिनीनेही त्यांचं ऐकलं नाही.

मग भूपेंद्रने चंद्रकुमारांना न विचारता टिंकूला आणलं. टिंकूचं अर्जुनी मोरगावला बॅटरीचं दुकान होतं, आणि लग्नातल्या डीजेच्या गाड्या, ई-रिक्षा, धान कापायच्या मशिनी यांच्या वायरिंगमध्ये त्याचा दबदबा होता. तो आला, बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "इसमें लाइट कम है." त्याने फॉल्ट शोधला नाही, पण बोटीच्या दोन्ही कडांना निळ्या दिव्यांच्या माळा लावल्या आणि हॉर्नच्या जागी दुसरा, ट्रकचा हॉर्न बसवला. संध्याकाळी माळा लावल्या तेव्हा त्या एकदा झळकल्या, मावळल्या आणि त्यानंतर श्वास घेतल्यासारख्या हळूहळू उजळत-विझत राहिल्या.

"ये तो ऑटोमॅटिक फंक्शन आ गया!" टिंकू आनंदाने म्हणाला. "इसका अलग पैसा लगता है साहब!"

चंद्रकुमार बोटीतून उतरले. ते तलावाच्या काठाकाठाने लांबवर चालत गेले आणि एका दगडावर बसून राहिले. समोर पाण्यावर पाखरं उतरत होती. हजारो मैल उडून आलेली, अंगात एक वायर नसलेली पाखरं. यांना कसं बरोबर कळतं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि आपल्याला मात्र कळत नाही, हा त्याच्या मागोमाग आला. खात्यात त्यांना लोक 'डॉक्टर' म्हणत. लायनीवरून चालत जाऊन, नुसती मान वर करून, ते फॉल्ट सांगत. आता गावातली पोरंसोरं त्यांना 'गुदगुलीवाले साहेब' म्हणू लागली होती.

तिकडे परवानगीचा प्रश्न होताच. तलावात पर्यटकांना बोटीतून फिरवायचं तर कोणाची तरी परवानगी हवी, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं. चंद्रकुमार स्वतः गेले, कारण सरकारी माणसाशी सरकारी माणूसच बोलू शकतो अशी त्यांची समजूत होती. गाड्यांच्या कार्यालयात विचारलं, "चाकं किती?" चाकं नाहीत म्हटल्यावर तिथला रस संपला. पाण्याच्या खात्यात एका सज्जन गृहस्थांनी समजावून सांगितलं की पाणी त्यांचं आहे, पाण्याखालची जमीनही त्यांची आहे, पण पाण्याच्या वर जे काही आहे त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. "बोट बुडाली की मग आमच्याकडे या," ते आपुलकीने म्हणाले. समुद्राकडच्या एका कार्यालयाला फोन लावला तर पलीकडच्या माणसाने जिल्ह्याचं नाव दोनदा सांगायला लावलं. मग त्याने विचारलं, "गोंदियाला समुद्र कधी आला?"

शेवटी भूपेंद्रने कुठूनसा धागा जुळवला आणि जिल्ह्याहून एक पाहणीवाले साहेब यायचं ठरलं. त्यांचं समाधान झालं तर याच हिवाळ्यात बोट चालू करता येणार होती. नाही झालं तर पाखरं परत जाणार, नागपूरचे लोक परत जाणार, आणि इमूंच्या मागोमाग अनुसयाही भूपेंद्रच्या नावावर लागणार. या वेळी तो पहिल्यांदाच चंद्रकुमारांना हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, लोक मले हसतेत त्याचं काही नाही. पण आईचं नाव लिहून ठेवलं न तिच्यावर."

त्या वाक्याने चंद्रकुमारांची झोप गेली.

पाहणीचा दिवस उजाडला. पाहणीवाले साहेब मोटारसायकलवरून आले ते अंगात केशरी लाइफ जॅकेट घालूनच. घरूनच घालून निघाले असावेत. मनुष्य सभ्य होता, पण पाण्याकडे तो उधारीवाल्या दुकानाकडे पाहावं तसं तिरकं पाहत होता. अनुसयाबाई सगळ्यांच्या आधी बोटीत जाऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "माह्या नावाची आहे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तो मुद्दा खोडून काढणं पाहणीवाल्या साहेबांनाही जमलं नाही. सुमित्राबाई चहाचा थर्मास आणि चिवड्याने भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन आल्या. भूपेंद्र सुकाणूवर बसला. इंजिनाने तीनदा नुसतं 'टक' केलं, चौथ्यांदा धरलं, आणि अनुसया निघाली.

बोट चालू असताना सगळं गोड होतं. ऊन कोवळं होतं, पाखरं दोन्ही बाजूंना वाट देत होती, साहेबांची मूठ जराशी सैल झाली होती. तलावाच्या मधोमध आल्यावर भूपेंद्रला अवदसा आठवली. "साहेब, आता शांतता ऐका," असं म्हणून त्याने इंजिन बंद केलं.

शांतता खरोखरच फार चांगली होती. सगळ्यांनी ती पोटभर ऐकली. मग भूपेंद्रने इंजिन पुन्हा सुरू करायला किल्ली फिरवली आणि इंजिन म्हणालं, टक.

पुन्हा टक. पुन्हा टक. नंतर तेही नाही.

"पाय ओले लागून राहिले," अनुसयाबाई म्हणाल्या.

तळातून पाणी वर आलं होतं. फार नाही, पण साहेबांच्या बुटांच्या नाड्या तरंगण्याइतकं होतं. भूपेंद्रने पंप लावला. पंप कण्हला आणि गप्प झाला. त्याने काठावरच्या लोकांना बोलवायला हॉर्न दाबला. पंख्याने दोन गिरक्या घेतल्या. साहेबांनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले. सुमित्राबाईंनी चिवडा पदरात ओतला आणि रिकाम्या गंजाने पाणी बाहेर फेकायला सुरुवात केली.

चंद्रकुमार फळीसमोर गुडघ्यांवर बसले होते. मीटर बारा दाखवत होता. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं की आपल्याला वीज कळत नाही. कधीच कळली नव्हती. इतकी वर्षं ती आपली कीव करून आपलं ऐकत होती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनची घंटा तेवढी या बोटीवर व्यवस्थित वाजत होती.

"साहब!" रोशन ओरडत होता. "बहुत अर्जंट आहे! घरात भूत लागलं! गिझर लावला का टीव्ही बंद पडते, टीव्ही बंद केला का ट्यूब लकालका करते, फ्रिज नुसता कण्हून राहिला! मी सगळे फ्यूज बदलले! एक एक बटण पाहिलं! टेस्टर लावला का हर जगह करंट दाखवते!"

"मी कामात आहे रोशन."

"साहब, बायको माहेरी जायचं म्हणून राहिली!"

आता चंद्रकुमारांच्या संयमाचा फ्यूज उडाला. पाणी घोट्यावर, सासू समोर, सरकार डोळे मिटून बसलेलं, आणि हा माणूस त्यांना फ्यूजच्या गोष्टी सांगत होता. खांबाखालून खांबावर पोहोचणाऱ्या आवाजात ते गरजले, "अरे गाढवा, टेस्टर सगळीकडे करंट दाखवतो ना? म्हणजे करंट येतोय! मग येणाऱ्या बाजूला काय शोधून राहिला? त्याला परत जायचा रस्ता मोडला आहे, म्हणून तो गिझरमधून टीव्हीत, टीव्हीतून ट्यूबमध्ये वाट शोधत फिरतोय! न्यूट्रल ढिला आहे तुझा! मेन स्विच बंद कर, कशाला हात लावू नको, आणि लाइनमनला बोलाव! लहान पोराला कळेल असा फॉल्ट आहे हा!"

तलावावर पुन्हा शांतता झाली. मघाची आणि ही, यांत फरक होता.

सुमित्राबाईंचा गंज हवेतच थांबला होता. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. चंद्रकुमार फोनकडे पाहत होते.

परत जायचा रस्ता. त्यांनी लाल वायर बदलली होती. बटणं बदलली होती, दिवे बदलले होते, बॅटरी बदलली होती. काळ्या वायरीला त्यांनी या अख्ख्या हिवाळ्यात एकदाही हात लावला नव्हता. मोठ्या लायनीवर त्यांनी सगळ्यात आधी तेच पाहिलं असतं. पण ही गुदगुली होती. तिच्या परतीच्या वाटेची चौकशी कोण करणार? आणि मीटर खोटं बोलत नव्हता. काही चालू नसताना त्या सडक्या जोडातून मीटरपुरता करंट सहज जात होता. ओझं पडलं की जोड हात टेकत होता.

"भूपेंद्र," ते हळूच म्हणाले, "तू किल्ली फिरवून धर."

ते मागच्या बाकाखाली आडवे झाले, पाण्यात कोपर टेकवून. बॅटरीची जाड काळी वायर जिथे जात होती तिथवर हात पोहोचवला. बाकाच्या आतल्या अंगाला एक तांब्याची पट्टी होती. बोटीतल्या सगळ्या काळ्या वायरी येऊन तिच्यावर बसत होत्या, आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीकडे परत जात होती. तिच्या नटाला त्यांनी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. गार पाण्यातल्या त्या बोटीत तो नट चहाच्या कपासारखा गरम होता.

"सापडला," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा काही आला की साहेबांनी एक डोळा उघडला.

वायर बॅटरीवरून सोडवून त्यांनी नट काढला. आतून हिरवट, पांढरट, चुन्यासारखी खपली निघाली. "कानस! कानस द्या! सँडपेपर!" मीटर आणि पक्कड तेवढी त्यांनी बरोबर घेतली होती, बाकी पिशवी काठावर भूपेंद्रच्या मोटारसायकलला लटकत होती. बोटीत होता चहा, चिवडा आणि सरकार.

अनुसयाबाईंनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला. "हे चालते का जी?"

चाललं. त्या अडकित्त्याच्या पात्याने चंद्रकुमारांनी पट्टी खरवडली, वायरीचं टोक खरवडलं, तांबं नव्या पैशासारखं लालबुंद होईपर्यंत खरवडलं. पुसायला सुमित्राबाईंनी पदर पुढे केला, मग त्यात चिवडा आहे हे आठवून दुसरं टोक दिलं. नट परत बसला. पकडीवर त्यांनी असा जोर लावला की एखादा खांब उभा करायला तेवढा पुरला असता.

"लाव पंप."

पंप कण्हला नाही. त्याने एकदा घसा खाकरला आणि बोटीच्या कुशीतून पाण्याची अशी जाड धार बाहेर फेकली की शेजारी पोहणारं एक बदक रागावून उडालं. भूपेंद्रने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. भूपेंद्र ओरडला, सुमित्राबाईंनी गंज ताशासारखा बडवला, आणि साहेबांनी दुसराही डोळा उघडला.

"जवाईबापू," अनुसयाबाई अडकित्ता न्याहाळत म्हणाल्या, "उघडलं तं बरोबर उघडलं तुम्ही."

साहेब तळातलं पाणी ओसरताना पाहत होते. मग त्यांनी चंद्रकुमारांना विचारलं, "हे पुन्हा होणार नाही ना?"

खात्यातले चंद्रकुमार असते तर 'शक्यच नाही साहेब' म्हणाले असते. पण कोपरापासून पाणी गळत असलेले चंद्रकुमार म्हणाले, "होणार. पाणी आहे, तांबं आहे, होणारच. दर महिन्याला उघडून पाहावं लागेल. पण आता कुठे पाहायचं ते माहीत आहे."

साहेबांनी थोडा विचार केला. "पंप दोन लावा," ते म्हणाले, "एक हाताने चालवायचाही ठेवा. सगळ्यांना जॅकेट. मग माझी हरकत नाही." आणि किंचित ओशाळून पुढे म्हणाले, "आता आलोच आहोत, तर पलीकडे ती मोठी पाखरं बसली आहेत, तिकडून एक चक्कर मारता येईल का?"

त्या चकरेत संध्याकाळ झाली. चिवडा पदरातूनच संपला. रोशनचा फोन आला की लाइनमन खांबावर चढला, न्यूट्रलच होता, बायको थांबली, आणि साहब तुम्ही सचमुच डॉक्टर आहात. चंद्रकुमारांनी "हं" एवढंच म्हटलं, आणि आपल्यालाही आत्ताच कळलं हे त्याला सांगायची काही गरज त्यांना वाटली नाही.

सूर्य झाडांमागे गेला तसा भूपेंद्र म्हणाला, "भाऊजी, आता सगळंच लावून पाहू."

चंद्रकुमारांनी केबिनचा दिवा लावला. पंखा लावला. लाल लावला, हिरवा लावला. टिंकूच्या माळा लावल्या. पंप लावला. कोणी कोणाचा घास हिरावून घेतला नाही. सगळे आपापल्या जागी, पूर्ण तेजाने, एकाच वेळी लागले, आणि संधिप्रकाशात पाण्याच्या मधोमध अनुसया एखाद्या लग्नघरासारखी उजळून निघाली. मग त्यांनी हॉर्न दाबला. ट्रकचाच तो. त्याचा आवाज पार पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. भूपेंद्रने दाबला, साहेबांनीही विचारून एकदा दाबला. काठावरून लोकांनी आरोळ्या दिल्या.

"बंद करा जी आता," अनुसयाबाई म्हणाल्या. "पाखरं झोपून राहिले."

चंद्रकुमारांनी हॉर्नवरचा हात काढला. मग माळा बंद केल्या. बाकी सगळं तसंच राहिलं. पंखा बंद केला. दिव्याला कळलंही नाही. एकेक बटण खाली करत ते शेवटच्या दिव्यापर्यंत आले, आणि तोही विझवला. प्रत्येक जण आपापला विझला. अंधारात इंजिन हळूहळू बोलत होतं, आणि चंद्रकुमार बोपचे हाताची घडी घालून, बारा व्होल्टच्या त्या बटणांसमोर, मोठ्या अदबीने बसले होते.